चौकटीमागची चिठ्ठी : एका विक्रीपाठावरचे भाष्य

मुंबईच्या चोरबाजारातली मटण स्ट्रीट असो, पुण्याचा जुना बाजार असो की इन्स्टाग्रामवरची खाती असोत, एक माल हल्ली सगळीकडे दिसतो : जुन्या मासिकाचे एखादे पान, माउंटमध्ये बसवलेले, काचेआड ठेवलेले, आणि चौकटीच्या पाठीला डकवलेली एक चिठ्ठी. विकणाऱ्याला त्या चिठ्ठीत दोन गोष्टी सांगायच्या असतात. माल अस्सल आहे, आणि विक्रीत काही वावगे नाही. पहिली गोष्ट बहुधा खरी असते. दुसरीही पुष्कळदा खरीच असते, पण तिच्यासाठी चिठ्ठीत दिलेले कारण चुकीचे असते, आणि त्या चुकीच्या कारणाच्या आधारावर विक्रेता पुढचे पाऊल टाकतो. ते पाऊल मात्र बेकायदा ठरते.

खालचा पाठ कुणा एका दुकानाचा नाही. अशा चिठ्ठ्यांत नेहमी आढळणारी वाक्ये जोडून तो सिद्ध केला आहे. भाष्य भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याला धरून आहे. परदेशी निवाडे जिथे खरोखर उजेड पाडतात तेवढेच घेतले आहेत.

मूळ १ : दिवाळी अंकातले ओरिजिनल पान. झेरॉक्स किंवा प्रिंट नव्हे.

विक्रेत्याने ही ओळ गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी लिहिली असेल, पण त्याचा सगळा कायदेशीर बचाव नेमका हिच्यात आहे. कायद्याचे कलम १४ चित्राच्या मालकाला ज्या गोष्टींचा एकाधिकार देते, त्यांत चित्राच्या प्रती लोकांपुढे आणण्याचा अधिकार आहे. मात्र त्याला लागूनच एक अपवाद आहे : आधीच चलनात असलेल्या प्रती सोडून. आणि कलमाखालच्या स्पष्टीकरणाने चलनाचा अर्थही बांधून दिला आहे. एकदा विकली गेलेली प्रत चलनात आलेली समजायची. १९६२ साली कुणीतरी दादरच्या स्टॉलवर पैसे मोजून अंक घेतला, त्या क्षणी त्या कागदाच्या पुढच्या प्रवासावरचा मालकाचा ताबा सुटला. मग तो अंक माळ्यावर पडला, रद्दीत गेला, रद्दीवाल्याकडून पदपथावर आला, तिथून चौकटीत गेला. या साखळीत कुणालाही कुणाची परवानगी लागत नाही.

हे शब्द सगळ्या कृतींना सारखे लागू नाहीत. चित्रपटाच्या कलमात 'आधीच चलनात असलेल्या' ही सूट नाही. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने वॉर्नर ब्रदर्सच्या खटल्यात परदेशातून विकत आणलेल्या डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या दुकानदाराला याच फरकावर बोट ठेवून रोखले. पुस्तक, लेख, चित्र, छायाचित्र यांच्या बाबतीत मात्र सूट स्पष्ट आहे. कागदाचा धंदा करणाऱ्याचे हे भाग्य.

पूर्वपक्ष असा : विकला गेला तो अंक, पान नव्हे. अंक चलनात आला म्हणून सुटे पान चलनात आले असे कसे म्हणावे? उत्तर : कायदा प्रतीचा विचार कृतीगणिक करतो. अंकातले चित्र ही स्वतंत्र कलाकृती आहे आणि ते ज्या कागदावर छापले आहे तो कागद त्या चित्राची प्रत आहे. ती प्रत विकली गेली, मग ती चोवीस पानांसोबत विकली गेली की दोनशे पानांसोबत, याने फरक पडत नाही. अंक हे एक संकलन म्हणूनही संरक्षित असते हे खरे. पण एक पान विकणारा संकलन विकत नाही.

दुसरी शंका अधिक टोकदार आहे. भेट म्हणून पाठवलेला अंक, अभिप्रायार्थ दिलेला अंक, किंवा न खपल्यामुळे परत येऊन गोदामातूनच रद्दीत गेलेला गठ्ठा हा 'एकदा विकलेला' म्हणायचा का? माझ्या मते म्हणायला हवा. स्पष्टीकरण विकलेली प्रत चलनात धरायला सांगते. न विकता वाटलेली प्रत चलनात नसतेच, असे ते म्हणत नाही. प्रकाशकाने स्वतः हातावेगळा केलेला कागद, मग तो किलोच्या भावाने का असेना, चलनातच गेला. ग्रंथालयाचा शिक्का असलेल्या पानाची गोष्ट वेगळी. तिथे 'निकाली' असा दुसरा शिक्का नसेल तर प्रश्न कॉपीराइटचा राहत नाही, चोरीच्या मालाचा होतो.

या ओळीला एक कड आहे. विक्रेत्याच्या हाती छापील पान न लागता छपाईसाठी काढलेले हाताचे चित्रच लागले, आणि जुन्या स्टुडिओंच्या आवराआवरीत ते लागते, तर कलम ५३क जागे होते. मूळ चित्र किंवा रेखाटन दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर पहिला हक्कधारक असलेल्या चित्रकाराला वा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. तो दहा टक्क्यांपलीकडे जात नाही. छापील पानाला हे कलम लागत नाही.

मूळ २ : वर्ष १९६२. चित्र : दीनानाथ दलाल.

चित्रकाराचे नाव लिहिणे ही सभ्यता झाली. हक्क त्याचाच होता असे त्यातून निघत नाही. गोव्यात जन्मलेल्या दलालांनी १९४५ साली 'दीपावली' हा स्वतःचा वार्षिक अंक सुरू केला. तिथे चित्रकार आणि प्रकाशक एकच, म्हणून प्रश्न सोपा. पण त्यांनी इतरांसाठीही पुष्कळ मुखपृष्ठे केली, आणि तिथे कलम १७ वाचावे लागते.

या कलमाची रचना नियतकालिकांच्या बाबतीत विलक्षण आहे. नोकरीत असलेल्या माणसाने मासिकासाठी काही केले, तर मासिकाच्या मालकाला हक्क मिळतो तो फक्त नियतकालिकात छापण्यापुरता. बाकी सर्व बाबतींत पहिला मालक कर्ताच. म्हणजे पगारी चित्रकाराच्या चित्राचे पोस्टर काढायचे तर परवानगी प्रकाशकाकडे मागून उपयोग नाही. ती चित्रकाराच्या घरी मागावी लागेल. नोकरीत नसलेल्याला मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले किंवा रंगचित्र करून घेतले, तर उलट : सांगणारा मालक, वेगळा करार नसल्यास. आता यात 'रेखाटन' हा शब्द नाही. कलाकृतीच्या व्याख्येत कायदा रंगचित्र आणि रेखाटन वेगवेगळे सांगतो, मग इथे एकाचाच उल्लेख का? काटेकोर वाचले तर मुखपृष्ठावरचे जलरंगातले चित्र संपादकाचे आणि आतल्या कथेवरचे शाईचे चित्र चित्रकाराचे, असा अजब निकाल निघतो. मला तो शब्दांना धरून बरोबर वाटतो, आणि मराठी दिवाळी अंकांपुरता तरी न्याय्यही, कारण आतली रेखाटने करणाऱ्यांना मिळत असे ते मानधन हक्क सोडून देण्याएवढे क्वचितच असे.

चिठ्ठी एका बाजूबद्दलच बोलते. पानाच्या पाठीवर कुणाच्या तरी कथेचा उत्तरार्ध असतो, किंवा केसांच्या तेलाची जाहिरात. तिचे कर्ते वेगळे, हक्क वेगळे. कागद विकायचा तेवढे त्याने अडत नाही. पाठ-पोट दोन्ही स्कॅन करायचे ठरवले की अडते.

मूळ ३ : अंकातून काळजीपूर्वक सुटे केलेले.

जुन्या अंकांच्या पहिल्या पानावर हक्क राखून ठेवल्याची सूचना असते. तिने पुनर्विक्री बांधली जात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ सालीच हे सांगितले : बॉब्स-मेरिल या प्रकाशकाने कादंबरीत छापले होते की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकल्यास हक्कभंग समजला जाईल, मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली आणि दुकान जिंकले. भारतातही कलम १४चे स्पष्टीकरण तेच काम करते.

कात्रीबद्दल खरा प्रश्न कलम ५७चा आहे. हक्क विकून टाकल्यावरही कर्त्याकडे दोन गोष्टी उरतात : कृती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार, आणि तिची मोडतोड किंवा विद्रूपीकरण होऊन आपल्या नावलौकिकाला धक्का लागत असेल तर ते थांबवण्याचा अधिकार. अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले कांस्य भित्तिशिल्प सरकारने न विचारता उतरवले आणि त्याचे तुकडे गोदामात टाकले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली उरलेले अवशेष शिल्पकाराला परत द्यायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. या निवाड्याचा दाखला घेऊन कुणी म्हणेल की पान फाडणे हीही मोडतोडच. तसे नाही. सेहगलांचे शिल्प एकुलते एक होते. हजारो प्रतींपैकी एकीची पिन काढल्याने चित्राला काही होत नाही, ते उलट अधिक नीट दिसू लागते. शिवाय कलमाखालच्या स्पष्टीकरणानुसार, कर्त्याच्या मनासारखे प्रदर्शन न करणे हा भंग नव्हे.

मात्र दोन गोष्टी कारागिराने जपाव्यात. चौकट तयार मापाची आहे म्हणून चित्राची कड कापणे, आणि माउंटच्या खिडकीआड कोपऱ्यातली सही झाकणे. दुसरी तर रोज घडते, कारण सही अगदी काठाला असते. २०१२च्या दुरुस्तीनंतर कर्तृत्व सांगण्याचा अधिकारही वारसांना चालवता येतो.

अंक फाडल्याचे दुःख हा कॉपीराइटचा विषय नाही. १९३०च्या दशकातला एखादा अखंड अंक मोडून त्याची वीस पाने वेगवेगळी विकली जातात तेव्हा कुठल्याही कलमाचा भंग होत नाही आणि तरी एक वाचनीय वस्तू नाहीशी होते. ज्याचा अंक आधीच सुटा झालेला, मधली पाने गहाळ, त्यानेच चौकटी भराव्यात, असे मला वाटते. हे मत आहे, भाष्य नव्हे.

मूळ ४ : माउंट, काच आणि सागवानी चौकट यांसह.

या ओळीपाशी थांबले पाहिजे, कारण हिच्यावरून अमेरिकेतली दोन न्यायालये एकमेकांच्या विरोधात उभी राहिली.

अल्बुकर्की ए. आर. टी. नावाची एक कंपनी होती. ती चित्रांची पुस्तके आणि कार्डे रीतसर विकत घ्यायची, पान कापून सिरॅमिक टाइलवर चिकटवायची, वर पारदर्शक थर द्यायची आणि टाइल विकायची. नवी छपाई काहीच नाही. पॅट्रिक नेगल या चित्रकाराच्या पुस्तकाची पाने तिने अशी वापरली, तेव्हा नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १९८८च्या मिराज एडिशन्स खटल्यात सांगितले की हा मूळ कृतीवरून बेतलेला नवा अवतार आहे, आणि तो काढण्याचा अधिकार मालकाचा. पुस्तक पुन्हा विकायची मुभा होती, त्याची टाइल करायची नव्हती. नऊ वर्षांनी तीच कंपनी, तेच तंत्र, फक्त चित्रकार ॲनी ली आणि टाइलवर तिची छोटी कार्डे. या वेळी सातव्या परिमंडळात न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक यांनी नेमके उलट ठरवले. त्यांचा युक्तिवाद असा की टाइलवर चिकटवल्याने चित्रात तसूभर बदल झालेला नाही. मांडणी बदलली म्हणून नवी कृती झाली म्हणायचे तर चित्राला चौकट घालणारा प्रत्येक जण गुन्हेगार ठरेल, आणि तसे तर कुणीच म्हणत नाही.

लक्षात घेण्यासारखे हे की दोन्ही बाजूंनी चौकट निर्दोष धरली. भांडण टाइलचे होते. मिराजच्या बाजूने बोलणाऱ्यांचाही मुद्दा असा की चौकटीतून पान काढता येते, टाइलवरून निघत नाही.

भारतात शब्द वेगळे आहेत. आपल्याकडे रूपांतराची व्याख्या आहे आणि १९९४ साली तिला एक शेपूट जोडले गेले : कृतीची पुनर्रचना किंवा तिच्यात बदल ज्यात होतो असा कुठलाही वापर. या शेपटाने सगळेच गिळता येईल इतके ते रुंद आहे. तरी चौकट त्यात बसत नाही. पानाची रचना तीच राहते, रंगरेषा त्याच राहतात, आणि मागचे खिळे उपसले की पान जसेच्या तसे हाती येते. पान थेट लाकडी फळीवर डिंकाने चिकटवून वर रेझिन ओतले, तर शंकेला जागा होते, तरी माझे मत ईस्टरब्रुक यांच्या बाजूने आहे. चार मासिकांतली चार चित्रे कातरून एकाच चौकटीत नवा देखावा जुळवला, तर मात्र ती पुनर्रचना आहे, आणि त्या ठिकाणी 'मी फक्त फ्रेम केली' हे म्हणणे टिकू नये.

चौकट घेतली जाते ती टांगण्यासाठी. घरी टांगली तर प्रश्न नाही. हॉटेलच्या दर्शनी भागात टांगली तर? लोकांपर्यंत कृती पोचवण्याची आपली व्याख्या लोकांना ती थेट किंवा कुठल्याही प्रदर्शनाद्वारे पाहता येणे इथपर्यंत पसरलेली आहे, आणि तो अधिकार मालकाचा आहे. अक्षरशः वाचले तर विकत घेतलेले पान हॉटेलात लावणेही परवानगीचे काम ठरेल. पण कलम ५१ पाहावे. धंद्यासाठी लोकांत प्रदर्शन करणे तिथे दोषाचे धरले आहे ते फक्त बेकायदा प्रतींचे. कायदेशीर प्रतींचे प्रदर्शन आधीच बंद असते तर बेकायदा प्रतींसाठी वेगळी तरतूद कशाला लिहिली असती? एका कलमाने दुसरे कलम फुकट जाईल असा अर्थ घेऊ नये, हा अर्थनिर्णयाचा जुना नियम इथे हॉटेलवाल्याला वाचवतो.

चित्रपटाच्या सेटसाठी अशा चौकटी विकत नेणारे कलादिग्दर्शक हे या धंद्यातले चांगले गिऱ्हाईक. चित्रपटात कलाकृती घेणे हा मालकाचा वेगळा अधिकार आहे, पण ती पार्श्वभूमीला किंवा प्रसंगोपात्त दिसत असेल तर कलम ५२ सूट देते. नायिकेच्या मागच्या भिंतीवर पान चालेल. कॅमेरा त्यावर स्थिरावून कथा त्याभोवती फिरू लागली की परवानगी घ्यावी.

मूळ ५ : फोटोंसाठी आमचे इन्स्टाग्राम पाहा.

इथे विक्रेता नकळत कागदाचा प्रांत सोडतो. पानाचा फोटो ही नवी प्रत आहे. २०१२ पासून इलेक्ट्रॉनिक साठवणही पुनरुत्पादनात स्पष्टपणे धरली जाते. माल विकण्याचा हक्क आहे, मग माल दाखवण्याचा असणारच, असे सहज वाटते. ब्रिटनच्या कायद्यात कलाकृतीच्या विक्रीची जाहिरात करण्यापुरती नक्कल चालते असे कलम आहे, जर्मनीतही तशी तरतूद आहे. आपल्या कलम ५२च्या लांबलचक यादीत ती नाही. खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन यांत दुकानाची जाहिरात ओढूनताणूनच बसते.

म्हणून उपाय व्यवहारातला. फोटो चौकटीसकट घ्यावा, भिंत दिसावी, काचेवरची चमकही थोडी राहू द्यावी, आकार लहान ठेवावा. त्यावरून माल कळतो, चित्राची बदली मिळत नाही. चौकटीशिवाय, सरळ वरून, स्कॅनरवर घेतलेली मोठी प्रतिमा टाकणाऱ्याने स्वतःच्या गिऱ्हाइकाला फुकट छपाईची फाइल दिली आणि मालकाला पुरावा दिला.

मूळ ६ : हेच चित्र कॅनव्हास, पोस्टर आणि मग्गावरही मिळेल.

पहिल्या ओळीचा सगळा बचाव ही ओळ पुसून टाकते. तिथे प्रत जुनी होती म्हणून विक्री शुद्ध होती. इथे प्रत नवी आहे. दलालांच्या चित्राच्या बाबतीत हा सरळ हक्कभंग. कलम ६३खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे.

कॅनव्हासवरून एक सूक्ष्म प्रश्न निघतो. छापील पोस्टरवरची शाईच रसायनाने उचलून कॅनव्हासवर बसवली, मागे कोरा कागद उरला, तर प्रत वाढली का? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली क्लोद तेबेर्ज यांच्या खटल्यात चार विरुद्ध तीन मतांनी सांगितले की नाही. आधी एक होते, नंतरही एकच आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१५ साली ऑलपोस्टर्सच्या खटल्यात विरुद्ध टोक धरले : मालकाची संमती होती ती कागदावरच्या वस्तूला; माध्यम बदलले की ती वस्तू दुसरी, संमतीही नव्याने घ्या. चौकट घालणाऱ्याला दोन्ही निवाड्यांत धोका नाही, कारण त्याचा कागद कागदच राहतो. मग्गावर छापणाऱ्याला दोन्हींत आसरा नाही.

मूळ ७ : साठ वर्षे उलटल्यामुळे कॉपीराइटमुक्त.

चिठ्ठीतली सर्वांत आत्मविश्वासाची आणि सर्वांत चुकीची ओळ. साठ हा आकडा बरोबर आहे. तो मोजायचा कुठून, ते चुकले. कलम २२ प्रमाणे साठ वर्षे छपाईपासून मोजत नाहीत; कर्ता ज्या वर्षी गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. दलाल १९७१ साली गेले. त्यांची चित्रे ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत संरक्षित आहेत, मग ती १९४६ची असोत की १९६२ची, हक्क वारसांकडे असो की प्रकाशकाकडे. मालक बदलतो, पण मुदत कर्त्याच्या मृत्यूलाच बांधलेली राहते. रघुवीर मुळगावकर १९७६ साली वारले, म्हणजे २०३६ अखेर. मारिओ मिरांडा २०११ साली गेले, तेव्हा 'इलस्ट्रेटेड वीकली'च्या पानांवरची त्यांची माणसे २०७१ सरेपर्यंत मगांवर येऊ शकत नाहीत. उलट म. वि. धुरंधर १९४४ साली गेले. २००५ उजाडल्यापासून त्यांची चित्रे कुणीही छापावीत. धुरंधरांच्या पानावर ही चिठ्ठी डकवली असती तर ओळ खरी ठरली असती, कारण मात्र तरीही चुकीचेच.

सही नसलेल्या, कर्ता अज्ञात राहिलेल्या चित्राला कलम २३ लागते आणि तिथे साठ वर्षे छपाईपासूनच मोजतात. १९६२चे निनावी रेखाटन २०२३ पासून मोकळे झाले. चिठ्ठीकाराने हा नियम कुठेतरी ऐकून सगळ्यांना लावला असावा.

छायाचित्रांची कथा अधिक मजेदार आहे. पूर्वी त्यांना वेगळे कलम होते, २५वे, आणि त्यात मुदत प्रकाशनापासून मोजली जाई. २०१२च्या दुरुस्तीने ते कलम गाळले. छायाचित्रेही चित्रांच्या रांगेत, छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून साठ वर्षे, अशी आली. दुरुस्ती अमलात आली २१ जून २०१२ रोजी. १९५१ साली छापलेल्या फोटोची मुदत २०११ संपताना संपून गेली होती. १९५२ साली छापलेल्याची त्या दिवशी अजून सहा महिने शिल्लक होती, म्हणून तो नव्या लांब मुदतीत ओढला गेला. एका वर्षाच्या फरकाने एक फोटो मोकळा आणि दुसरा बहुधा आणखी कित्येक दशके बंद. आणि 'फिल्मफेअर'चा पहिला अंक निघाला तो मार्च १९५२ मध्ये. जुन्या नटनट्यांच्या पानांना सर्वांत जास्त मागणी ज्या मासिकाच्या नावाने असते, त्याचा एकही अंक त्या सीमेच्या सुरक्षित बाजूला नाही. त्याची मूळ पाने खुशाल विकावीत, छापू नयेत.

जाहिरातीच्या पानांना आणखी एक पदर असतो. एअर इंडियाचा महाराजा कॉपीराइटच्या मुदतीतून कधीतरी सुटेल, पण बोधचिन्हाची नोंदणी दर दहा वर्षांनी नवी करता येते आणि तिला शेवट नाही. जुने पान म्हणून विका. तो महाराजा तुमच्या दुकानाच्या पाटीवर चढवू नका.

मूळ ८ : सौजन्य : मूळ प्रकाशक.

प्रकाशकाला पत्ता नसताना त्याचे सौजन्य छापले जाते. मूळ पानाला याची गरज नाही, नव्या छपाईला याचा उपयोग नाही. ओळ काढून टाकावी.

मूळ ९ : परदेशी पाठवण्याची सोय आहे.

न्यू जर्सीतल्या मराठी घरात हे पान जायचे असेल तर अमेरिकी कायदा आड येत नाही. थायलंडमध्ये स्वस्तात विकत घेतलेली वायलीची पाठ्यपुस्तके अमेरिकेत विकणाऱ्या सुपाप कर्टसेंग या विद्यार्थ्याच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरवले की प्रत कायदेशीर छापलेली असली की पुरे, पहिली विक्री कुठल्या देशात झाली याला महत्त्व नाही. युरोपात मात्र आहे. मालकाने किंवा त्याच्या संमतीने पहिली विक्री युरोपीय आर्थिक क्षेत्रात झाली असेल तरच तिथे त्याचा ताबा सुटतो. १९६२ साली गिरगावात खपलेला अंक त्या अर्थाने युरोपात अजून 'विकला' गेलेला नाही. बर्लिनला एक चौकट पाठवल्याने कुणी कोर्टात खेचील असे नाही, पण तिथे नियमित दुकान मांडणाऱ्याने हे माहीत असू द्यावे.

उलट दिशेने, म्हणजे अमेरिकेतून 'लाइफ'चे गठ्ठे आणून मुंबईत पाने विकणे, हा आपल्याकडे अर्धवट सुटलेला प्रश्न आहे. परदेशात कायदेशीर विकलेली प्रत इथे बेकायदा धरू नये असे वाक्य २०१०च्या विधेयकात होते. २०१२ साली कायदा झाला तेव्हा ते गळाले होते. जुन्या काळी भारतातच विकल्या गेलेल्या 'लाइफ'च्या प्रती चोरबाजारात मिळतात, त्यांना ही अडचण नाही.

पान फार जुने असेल तर कॉपीराइटपेक्षा १९७२चा पुरावस्तू कायदा आधी पाहावा. शंभर वर्षांवरील कलावस्तू, आणि ऐतिहासिक, वाङ्मयीन वा सौंदर्यदृष्ट्या मोल असलेले ७५ वर्षांवरील कागदपत्र पुरावस्तू ठरू शकतात, आणि पुरावस्तू खासगी माणसाला निर्यात करता येत नाही. प्रत्येक छापील मासिक त्या व्याख्येत बसेल असे नाही. पण १९०९ साली 'मनोरंजन'ने काढलेल्या पहिल्या दिवाळी अंकाचे पान कुणी कुरिअरने लंडनला धाडू पाहत असेल तर त्याने आधी विचारून घ्यावे. ज्या पानाचे कॉपीराइट संपले म्हणून विक्रेता निर्धास्त असतो, नेमके तेच पान या कायद्याच्या तावडीत सापडते.

मूळ १० : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

सातव्या ओळीसोबत वाचल्यावर या ओळीला वजन येते. समजा एखाद्या उपाहारगृहाच्या मालकाने 'कॉपीराइटमुक्त' हे वाचून चौकट घेतली, चित्र मेनूकार्डावर आणि कागदी पिशव्यांवर छापले, आणि दलालांच्या वारसांची किंवा प्रकाशकाची नोटीस आली. चौकट परत घ्या, असे तो म्हणणार नाही. चौकटीत दोष नाहीच. तो म्हणेल, छपाईचा खर्च आणि भरपाई तुम्ही द्या, कारण मी तुमच्या लेखी विधानावर चाललो. धंद्यासाठी खरेदी केल्यामुळे ग्राहक आयोगाचे दार त्याला बहुधा बंद असेल. घरगुती गिऱ्हाइकाला ते उघडे असते. पण करार कायद्यातले चुकीच्या विधानाचे कलम उपाहारगृहवाल्यालाही आहे, आणि त्यापुढे 'परत घेतला जाणार नाही' हे वाक्य चालत नाही. विक्रेत्याने सातवी ओळ लिहिलीच नसती, तर पहिल्या ओळीच्या बळावर त्याची विक्री निर्वेध होती.